दातातल्या स्टेम सेल, मॅग्नेटिक मशीन आणि जबड्याचं हाड: यातलं खरं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील सत्तरीला आलेत, खालचे मागचे दात काढून बरीच वर्षं झाली, इम्प्लांटसाठी गेले तर एक्सरे बघून "हाडच उरलं नाही" असं सांगितलं. इकडे मुलीचे दुधाचे दात पडायला लागलेत आणि तुमच्या वाचनात आलं की दाताच्या आतल्या स्टेम सेलना (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींना) इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड दिलं की त्यांचं हाड बनतं. तर मुलीचे दात पैसे भरून स्टेम सेल बँकेत ठेवावेत का, आणि मॅग्नेटिक थेरपीचं मशीन मागवून वडिलांच्या जबड्याला लावलं तर हाड वाढेल का.

ताई, दोन्हीचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नका ठेवू, आणि नाही वाढणार. पण तुम्ही जे वाचलंय ते थाप नाहीये, त्यात खरा भाग बराच आहे, आणि तो कुठे संपतो नि विक्री कुठे सुरू होते हे कळलं तर पुढच्या वेळी कोणी ब्रोशर पुढे केलं की तुम्हालाच प्रश्न विचारता येतील. मी जबड्याच्या सर्जरी करतो आणि अक्कलदाढांमधून या पेशी काढून लॅबमध्ये वाढवायच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

हाड आणि वीज यांचं नातं जुनं आहे. जपानमध्ये क्योटोचे हाडांचे डॉक्टर इवाओ यासुदा १९५० च्या दशकात यावर काम करत होते आणि १९५७ मध्ये त्यांनी फुकादा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर दाखवलं की हाडावर दाब दिला की त्यात बारीकसा विद्युतदाब तयार होतो. तो प्रयोग सुकलेल्या हाडावर होता, जिवंत ओल्या हाडात मग असं लक्षात आलं की मुख्य भाग हाडातल्या बारीक नळ्यांमधून सरकणाऱ्या खारट पाण्याचा आहे, म्हणजे तुम्ही चालता, हाड किंचित वाकतं, आतलं पाणी इकडून तिकडे जातं आणि त्याबरोबर चार्ज सरकतो. मग लोकांना वाटलं की हाडाला वीज ही जर "इथे लोड येतोय, इथे बांधकाम करा" अशी सूचना असेल तर ती सूचना आपण बाहेरून का देऊ नये. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू बॅसेट यांनी तारा खुपसायच्या ऐवजी कॉइल वापरली, कातडीच्या बाहेर कॉइल, तिच्यात करंटचे झटके, त्याने बदलतं चुंबकीय क्षेत्र, आणि बदलत्या क्षेत्रामुळे आत हाडापाशी आपोआप छोटासा करंट. यालाच पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड म्हणतात, आम्ही सगळे पीईएमएफ म्हणतो. बॅसेट यांचा गाजलेला पेपर १९७४ चा, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं नि उपकरणं मंजूर करणाऱ्या संस्थेने, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी या मशीनला परवानगी दिली.

इथे "बदलतं" या शब्दावर बोट ठेवा, कारण बाजारातला निम्मा माल इथेच बाद होतो. चुंबक नुसता जवळ ठेवला तर करंट तयार होत नाही, क्षेत्र कमी-जास्त व्हावं लागतं, शाळेत फॅरेडेचा नियम शिकलो तोच. मॅग्नेटिक पट्टा, मॅग्नेटिक गादी, मॅग्नेटचं कडं यांत काहीच बदलत नाही, तेव्हा पीईएमएफचे पेपर दाखवून कडं विकणारा माणूस तुम्हाला दुसऱ्याच वस्तूचं सर्टिफिकेट दाखवतोय.

बरं, फ्रॅक्चरमध्ये तरी ते चालतं का? तर हो आणि नाही. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये १९८४ साली न जुळलेल्या नडगीच्या हाडावर डबल ब्लाइंड चाचणी झाली, म्हणजे खरं मशीन कोणाला मिळालंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला, काहींना चालू मशीन, काहींना नुसतं डबडं, आणि दोघांनाही प्लास्टर नि पायावर वजन न टाकण्याची सक्ती. डबडं लावलेल्यांचीही हाडं तितकीच जुळली! म्हणजे आधी ज्याचं श्रेय मशीनला दिलं जात होतं त्यातलं बरंचसं सक्तीच्या विश्रांतीचं असू शकतं. पण त्याच शेफील्डमधून १९९० मध्ये उशिरा जुळणाऱ्या फ्रॅक्चरच्या ४५ पेशंटवर चाचणी आली, त्यात मशीनच्या बाजूने स्पष्ट फरक होता. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ताज्या नडगी फ्रॅक्चरच्या २५९ लोकांवर बघितलं की मशीन लावल्याने पुन्हा ऑपरेशनची वेळ टळते का, तर टळली नाही. मग २०१६ मध्ये कॅनडातल्या गटाने १५ चाचण्या एकत्र करून सांगितलं की विद्युत उत्तेजनाने एक्सरेवर हाड न जुळण्याचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी होतो, दुखणं थोडं कमी होतं, पण पेशंटच्या हालचालीत, रोजच्या कामात फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर हे प्रामाणिक, मध्यम ताकदीचं साधन आहे, योग्य पेशंट निवडला तर उपयोगी, आणि चमत्कार वगैरे अजिबात नाही.

आता दाताकडे येऊ. दाताच्या आत जो मऊ लालसर भाग असतो, ज्याला पेशंट "नस" म्हणतात, तो पल्प. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रोंथोस आणि शी यांनी अक्कलदाढेच्या पल्पमधून स्टेम सेल काढून दाखवल्या. मग २००३ मध्ये त्याच गटाने दुधाच्या दातातूनही काढल्या, आणि त्याची गोष्ट गोड आहे, शी यांच्या स्वतःच्या लहान मुलीचा दात पडला, बापाने तो निरखून बघितला तर आत अजून लाल टिश्यू शिल्लक, गेले लॅबमध्ये घेऊन. नंतर दाताच्या मुळाभोवतीच्या लिगामेंटमधून, अर्धवट वाढलेल्या मुळाच्या टोकातून, न उगवलेल्या दाताच्या पिशवीतून अशा बऱ्याच जातींच्या पेशी सापडत गेल्या.

पेशी काढायचं काम कसं असतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. काढलेली अक्कलदाढ धुऊन घ्यायची, मानेपाशी, म्हणजे मूळ नि मुकुट जिथे भेटतात तिथे, पाण्याची धार चालू ठेवून बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरणाऱ्या टोकाने, गोल खाच पाडायची, पण आत पल्पपर्यंत जायचं नाही, कारण बर तापला की आतल्या पेशी शिजतात. मग खाचेत छिन्नीसारखं हत्यार घालून पिळलं की कट् आवाज होऊन दात दोन तुकडे होतो आणि आत पल्प दिसतो, तरुण माणसाचा असेल तर गुलाबी, लोंबता, चिमट्याने अख्खा निघतो. म्हाताऱ्या दातात तो आकसलेला, खड्यांनी भरलेला, काही वेळा शोधावाच लागतो. पल्पचे बारीक तुकडे करून कोलॅजनेज आणि डिस्पेज या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवायचे, गाळायचे, प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये टाकायचे आणि वाट बघायची. बऱ्याचशा पेशी मरतात नाहीतर तरंगत राहतात, थोड्या तळाला चिकटतात, त्यांच्याभोवती काही दिवसांनी लांबट पेशींची वस्ती दिसायला लागते. दुधाच्या दाताच्या मूळ पेपरमध्ये एका दातातून मिळालेल्या कामाच्या पेशी होत्या १२ ते २०. लाखांत नाही, नुसत्या बारा ते वीस, बाकी सगळं लॅबमधलं वाढवणं, आणि जितकं जास्त वाढवाल तितक्या त्या थकतात.

दुधाच्या दाताबद्दल आणखी एक. दात आठ-पंधरा दिवस नुसता लोंबत होता आणि मग कोरडा गळून पडला तर आतला रक्तपुरवठा केव्हाच तुटलेला असतो, त्यात जिवंत काही मिळणं कठीण. हलत असताना डॉक्टरने काढला आणि आत थोडं ओलं, रक्ताळलेलं टिश्यू दिसलं तरच अर्थ आहे. पोराने जिभेने ढकलून ढकलून पाडलेला, डबीत ठेवलेला दात आठवण म्हणून छान, पेशींसाठी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, पीईएमएफ आणि या पेशी. लॅबमध्ये काय करतात, तर डिशमध्ये पेशी लावतात, त्यांना हाडाकडे वळवणारं खाद्य देतात, म्हणजे डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, आणि डिश कॉइलमध्ये ठेवून रोज काही मिनिटं ते काही तास फील्ड देतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बनताना वाढणारं एन्झाइम मोजतात, रन्क्स-२, कोलॅजन, ऑस्टिओकॅल्सिन अशा हाडाशी संबंधित जीन्स बघतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अलिझरीन रेड नावाचा रंग टाकतात जो कॅल्शियमला धरतो. रंग ओतायचा, थोडा वेळ थांबायचं, पाण्याने चार-पाच वेळा हलक्या हाताने धुवायचं, आणि मग तळाशी लाल ठिपके दिसतात, कुंकू सांडल्यासारखी लाल डिश दिसली की विद्यार्थी लगेच फोटो काढतो. बऱ्याच गटांना फील्ड दिलेली डिश न दिलेल्या डिशपेक्षा जास्त लाल मिळाली आहे, एन्झाइम लवकर चढलेलं मिळालं आहे. तुम्ही वाचलंत ते हेच असणार.

पण बारकाईने बघा, त्या जवळजवळ सगळ्या प्रयोगांत हाडाचं खाद्य दोन्ही डिशना दिलेलं असतं. नुसत्या साध्या खाद्यात ठेवून फक्त फील्ड दिलं तर परिणाम फार फिका पडतो किंवा दिसतच नाही. म्हणजे फील्ड पेशीला हाडाचं वळण लावत नाही, वळण आधीच लागलेल्या पेशीला थोडा रेटा देतं. मटकी भिजवलेली असेल तर उबेला ठेवल्यावर मोड भराभर येतात, कोरडी मटकी रात्रभर उबेला ठेवा, सकाळी कोरडीच. हे एवढं एक लक्षात राहिलं तरी माझं लिहिणं वसूल.

रेटा नेमका कसा मिळतो यावर एकमत नाही, पण कॅल्शियम मध्यभागी आहे हे बहुतेक मानतात. पेन्सिल्वेनियाच्या कार्ल ब्रायटन यांच्या गटाने २००१ मध्ये हाडाच्या पेशींवर दाखवलं की विजेच्या प्लेट लावून दिलेल्या फील्डमध्ये कॅल्शियम पेशीबाहेरून चॅनलमधून आत येतो आणि कॉइलच्या फील्डमध्ये तो पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटतो, पुढे दोन्ही रस्ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनपाशी एकत्र होतात. इटलीत फेरारा इथल्या गटाने अ‍ॅडेनोसिन रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर निरोप पकडणाऱ्या जागेचा, धागा पकडला, फील्डमुळे पेशीवर ए-२ए आणि ए-३ हे रिसेप्टर वाढतात, त्यातून सूज कमी होते. पुढे बीएमपी, विंट वगैरे हाडाचे नेहमीचे सिग्नल आहेतच. दंत पेशींतही हेच सगळं तसंच्या तसं चालतं असं गृहीत धरून लिहिणारे पुष्कळ आहेत, मी तेवढं ठामपणे बोलणार नाही.

खरी गोची डोसमध्ये आहे, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण पेपर वाचणारे डॉक्टरसुद्धा हे बघत नाहीत. पेपरमध्ये लिहिलेलं असतं "१ मिलीटेस्ला, ५० हर्ट्झ", म्हणजे चुंबकीय क्षेत्र किती मोठं आणि सेकंदाला किती वेळा वर-खाली होतं. अंदाजासाठी सांगतो, पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र याच्यापेक्षा वीस-पंचवीस पट लहान असतं, आणि एमआरआयचं १.५ टेस्ला म्हणजे याच्या दीड हजार पट. तर १ मिलीटेस्ला म्हटल्यावर डोस कळला असं वाटतं, पण नाही कळला. पेशीला जे जाणवतं ते क्षेत्र किती मोठं आहे यापेक्षा किती झपाट्याने बदलतंय त्यावर जास्त ठरतं. हिशेब करून बघा: ३५ मिलिमीटरची डिश आडवी ठेवली, फील्ड उभं, ५० हर्ट्झची साधी लहर, १ मिलीटेस्ला, तर डिशच्या कडेला तयार होणारं विद्युत क्षेत्र मीटरला जेमतेम पावणेतीन मिलीव्होल्ट. आता साध्या लहरीऐवजी पल्स घ्या, १.५ मिलीटेस्लापर्यंत १.३ मिलीसेकंदात चढणारा, तर तीच कड मीटरला १० मिलीव्होल्टच्या आसपास जाते, जवळजवळ चौपट. आणि दोन्ही वेळा डिशच्या बरोबर मध्यावर हे विद्युत क्षेत्र शून्य! मधल्या पेशीला काहीच नाही, कडेच्या पेशीला सगळ्यात जास्त, आणि आपण सगळी डिश खरवडून एकत्र मोजतो नि सरासरी छापतो. डिश उभी ठेवली की चित्र पुन्हा बदलतं. एका गटाला परिणाम मिळतो नि दुसऱ्याला मिळत नाही यात जीवशास्त्रापेक्षा डिश कशी ठेवली होती याचा हात कधी कधी जास्त असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

उष्णतेचंही तेच. कॉइलमधून करंट गेला की ती तापते, इन्क्युबेटरच्या बंद पेटीत डिश अर्धा-एक अंश वर गेली तरी पेशी वेगळ्या वागतात, आणि मग तो गरमीचा परिणाम चुंबकाच्या नावावर जमा होतो. म्हणून चांगल्या प्रयोगात खोटी कॉइल अशी करतात की दोन तारा बरोबरीने गुंडाळायच्या आणि त्यांत करंट उलटसुलट सोडायचा, ती तितकीच तापते, तितकीच गुणगुणते, पण फील्ड एकमेकांना मारून शून्य होतं. ज्या पेपरमध्ये कंट्रोल, म्हणजे तुलनेची डिश, नुसती "शेजारच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली डिश" असते तो मी बाजूला ठेवतो, कारण इन्क्युबेटरच्या पंख्याचं, हीटरचं स्वतःचंच फील्ड असतं आणि ते कप्प्याकप्प्याला बदलतं.

आणि तो लाल रंग! अलिझरीन रेड कॅल्शियम दाखवतो, हाड दाखवत नाही. खाद्यात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट भरपूर आणि पेशीत अल्कलाइन फॉस्फटेज जोरात असेल तर फॉस्फेट सुटून कॅल्शियमबरोबर नुसताच साका बसतो, नळाच्या तोंडाला क्षार बसतात तसलाच प्रकार. हाड म्हणजे कोलॅजनच्या शिस्तीत बसलेलं खनिज, आत राहणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या, आणि जुनं खाऊन नवं घालणारी यंत्रणा. यातलं काहीच डिशमध्ये नसतं. त्यातून पल्पच्या पेशीचा मूळचा ओढा डेंटिनकडे, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराकडे. २००० च्या त्या पहिल्या कामातच दिसलं होतं की उंदराच्या कातडीखाली ठेवल्यावर अस्थिमज्जेच्या पेशींनी हाड केलं, मज्जेसकट, आणि पल्पच्या पेशींनी डेंटिनसारखं काहीतरी केलं. २००३ च्या दुधाच्या दाताच्या पेशींची गंमत तर आणखी वेगळी, त्यांनी स्वतः फारसं हाड केलंच नाही, उंदराच्या पेशींना बोलावून त्यांच्याकडून करून घेतलं. मुकादम म्हणा हवं तर. वाईट नाही हे, उलट उपयोगाचं आहे, पण "तुमच्या दातातून तुमचं हाड" असं जे छापतात ते इतकं सरळ नाही.

माणसात काही झालंय का? झालंय, थोडं, आणि पीईएमएफशिवाय. इटलीत नेपल्सच्या गटाने २००९ मध्ये अक्कलदाढ काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात पेशंटच्याच पल्पच्या पेशी कोलॅजन स्पंजवर घालून भरल्या, दुसऱ्या बाजूला नुसता स्पंज. पेशींच्या बाजूला हाड लवकर नि चांगलं भरलं. तीन वर्षांनी त्याच पेशंटचं हाड तपासलं, तो पेपर २०१३ चा, तर तिथे जबड्यातल्या त्या जागी असायला हवं तसं जाळीदार हाड नव्हतं, घट्ट भरीव हाड होतं. घट्ट म्हणजे मजबूत, चांगलंच की, असं वाटेल, पण भरीव हाडात रक्त कमी, इम्प्लांटसाठी ड्रिल करताना तापायची भीती जास्त. ब्राझीलमध्ये दुभंगलेल्या वरच्या जबड्याच्या मुलांमध्ये दुधाच्या दाताच्या पेशी आणि हाडाची पावडर घालून भेग भरली, वर्षभरानंतर निकाल कंबरेचं हाड काढून घातलेल्या मुलांच्या जवळपास होता, आणि पोरांची कंबर वाचली. मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात आशादायक वापर हाच वाटतो: मूल लहान, त्याचे स्वतःचे दुधाचे दात पडणारच आहेत, भेग ठरलेली, वय ठरलेलं. त्यात पुढे कोणी पीईएमएफची जोड देऊन बघितलं तर मला बघायला आवडेल.

इम्प्लांटवर पीईएमएफचेही छोटे अभ्यास आहेत, इम्प्लांटच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं बॅटरीचं बारकं यंत्र, पहिल्या काही आठवड्यांत इम्प्लांटची पकड लवकर वाढलेली दिसली. पण तिथे हाड होतं, त्यात ताजी जखम होती, बरं व्हायची धडपड चालू होती. वडिलांच्या जबड्यात तसं काही चालू नाहीये. दात काढल्यावर पहिल्याच वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्मी जाते, त्यातली दोन तृतीयांश पहिल्या तीन महिन्यांत, हे मोजलेलं आहे. आता इतक्या वर्षांनी उरलेला कंगोरा शांत बसलाय, वरून हिरडीने झाकलाय, तिथे ना फ्रॅक्चर, ना रक्ताची गुठळी, ना कामाला लागलेल्या पेशी. बाहेरून गालावर कॉइल धरली तर फील्ड आत जाईल, जबडा काही खोल नाही, पण आत जाऊन रेटा देणार कोणाला? शून्याला रेटा दिला तर शून्यच.

बँकेचं आता. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) स्टेम सेलबद्दलची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत, व्यापारी तत्त्वावर साठवायला परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला, दाताचा पल्प, चरबी वगैरेला नाही. दंत स्टेम सेलने हाड भरायचा उपचार आपल्याकडे मंजूर उपचार नाही, करायचा तर मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी या उपचाराचं लाखाचं पॅकेज सांगत असेल तर तेवढ्यावरूनच उठून या. शिवाय नातीचे दात आजोबांसाठी, हे आणखी एक पाऊल पुढचं. नातीच्या पेशी आजोबांसाठी परक्याच, सरासरीने एक चतुर्थांश जुळणी. या पेशींना शरीर फारसं नाकारत नाही असं सांगतात, त्यात तथ्य आहे पण "नाकारतच नाही" असं नाही.

मग वडिलांचं काय? आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करा, साध्या ओपीजीवर (सगळ्या जबड्याच्या सपाट एक्सरेवर) "हाड नाही" हा निकाल देऊ नये. खालच्या जबड्यात मागे हाड संपलं तरी पुढे, हनुवटीच्या वर, जबड्यातून जाणाऱ्या दोन बाजूंच्या नसांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेकांना पुरेसं हाड असतं. खालचे सगळेच दात गेले असतील किंवा उरलेले काढण्याजोगे असतील तर तिथे दोन इम्प्लांट घालून त्यावर बटणाने अडकणारी कवळी, हा उपाय २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती म्हणून मांडला गेला, आणि कवळी हलते म्हणून भाकरी सोडून दिलेली माणसं याने परत भाकरी चावताना मी बघतो. पुढचे दात चांगले असतील तर मागे छोटे, सहा मिलिमीटरचे इम्प्लांट बसतात का ते बघायचं, नसेवर दोन मिलिमीटर जागा सोडून. तेही जमत नसेल तर ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर घालणं, रुंदी कमी असेल तर त्याचा निकाल चांगला येतो, उंची कमी असेल तर काम अवघड, सहा-आठ महिने थांबायचं आणि तरी खात्री नाही, सत्तरीच्या माणसाला मी सहसा त्या वाटेला नेत नाही. आणि काढून घालायची साधी नीट बनवलेली पार्शल कवळी हाही उपाय आहे, कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

मशीनवर जे पैसे घालणार होतात ते आधी शुगरवर घाला. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा, आटोक्यात नसेल तर ग्राफ्ट असो वा इम्प्लांट, बिघडायची भीती वाढते. तंबाखू, मिश्री चालू असेल तर ती बंद, "फक्त सकाळी एकदाच लावतो" हेसुद्धा मोजायचं. पेसमेकर असेल तर पीईएमएफ मशीनच्या आसपासही जायचं नाही, गुडघ्यासाठी कोणी फुकट लावून देत असला तरी. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन किंवा आठवड्याच्या गोळ्या कधी घेतल्या असतील तर ते दाताच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, त्याने विचारलं नाही तरी सांगा, कारण त्या औषधांवर असताना जबड्याला ड्रिल लावलं तर काही जणांचं हाड उघडं पडून महिनोन् महिने भरत नाही. किती वर्षं घेतलं, शेवटचा डोस कधी, कशासाठी दिलं होतं, हे जुन्या फाइलमधून शोधून एका कागदावर लिहून न्या.